विकणे आहे: फियाट 850 स्पोर्ट स्पायडर, 1970, 903 सीसी, पूर्ण पत्रेकाम केलेली (स्टुटगार्टजवळ)

पाचवा_गिअर_नाही (धागाकर्ता)

मंडळी, गाडी युरोपातल्या मराठी लोकांना आधी दाखवतोय, महिन्याभराने सगळ्यांसाठी जाहिरात टाकीन. अपेक्षा 15,900 युरो. रंग पिवळा, आतून काळी, डावीकडे स्टिअरिंग, मूळ इटलीतली विक्री, अमेरिकेला जाऊन आलेली नाही. चासी क्रमांक 100 जीबीएसने सुरू होतो, म्हणजे 1968 नंतरचं 'स्पोर्ट स्पायडर' मॉडेल. 52 अश्वशक्ती, चार गिअर, वजन साधारण 735 किलो.

झालेलं काम:

पत्रा: दोन्ही बाहेरच्या सिल (दारांखालच्या लांब पोकळ पट्ट्या) नव्या. आतल्या मजबुतीच्या पट्टीचा खालचा 12 सेंमी भाग कापून 1.25 मिमी पत्र्याचा नवा जोडला. पुढच्या दोन्ही पायांखालचा फ्लोअर, बॅटरीचा ट्रे, उजव्या मागच्या चाकाच्या कमानीची कड. सगळे जोड झिंकच्या वेल्डिंग-प्रायमरवर, शिवणींना सीलर, पोकळ्यांमध्ये मेण.

इंजिन: क्रँक पहिल्या अंडरसाइजला (0.254 मिमी), तिन्ही मेन बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंग नवी. बोअर (सिलिंडरचा व्यास) मूळ 65 मिमीवरच, होन करून नव्या रिंगा. हेड प्लेन केलं, व्हॉल्व्ह गाइड आणि सील नवे, टायमिंग चेन नवी. त्यानंतर 2,100 किमी.

बाकी: ब्रेकचे सगळे पाइप, होज, मागची व्हील सिलिंडर, क्लच प्लेट आणि केबल, पेट्रोलच्या नळ्या, पाच टायर, कापडी टप.

न झालेलं: दुसऱ्या गिअरचा सिंक्रो थंडीत कुरकुरतो. टपाच्या मागच्या प्लास्टिक काचेवर डावीकडे घडीची धूसर रेघ. मागच्या बंपरच्या क्रोमला टाचणीएवढे ठिपके. आरपीएमचा काटा पहिली पाच मिनिटं अडकतो.

एच नंबरप्लेट (जर्मनीत जुन्या, ऐतिहासिक गाड्यांना मिळते ती) आहे, त्यामुळे वर्षाचा कर सरसकट 191.73 युरो. ट्यूफ (जर्मनीतली सक्तीची गाडीतपासणी) अजून 14 महिने.

आयंदोव्हनकर

मला रस आहे. अशी गाडी याआधी घेतलेली नाही. जाऊन नेमकं काय बघू? इंजिनचं ज्ञान ठीकठाक, पत्र्याचं शून्य.

नट_बोल्ट

मग उलटं करा. या गाडीत इंजिन शेवटी बघा. 903 सीसीचं इंजिन दोन माणसं हाताने उचलून बाकावर ठेवतात, आणि सुटे भाग इटली-जर्मनीत सहज मिळतात. पैसे खातो तो पत्रा. स्पायडरला छप्पर नाही, म्हणजे गाडीचा सगळा ताण दोन सिल आणि मधल्या बोगद्यावर. सिल गेली की गाडी मधे झोळ खाते. ताजा रंग मारून झोळ लपत नाही, दाराच्या फटी बोलतात.

दार बंद करून मागच्या कडेची फट वर आणि खाली मोजा. वर बारीक, खाली रुंद असेल तर मधे झोळ आहे. मग मालकाला विचारून जॅक लावा, एका बाजूचं मागचं चाक जमिनीपासून दोन बोटं सुटेपर्यंत. आता तेच दार उघडून बंद करा. चांगल्या गाडीत दार पहिल्यासारखंच लागतं. कमजोर गाडीत ते घासतं किंवा लॉकच्या खुंटीवर आपटतं. जॅक लावताना जॅकिंग पॉइंटमधून करकर आवाज आला तर तिथेच थांबा आणि घरी जा.

पुट्टीसाठी रंगाची जाडी मोजायचं यंत्र भाड्याने मिळतं. कारखान्याचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन, पुन्हा रंगवलेली गाडी 250-300. एखाद्या ठिकाणी 1,000 च्या पुढे गेलं की खाली पुट्टीचा थर आहे. चाकाच्या कमानीच्या कडा, दाराचा तळ, नाकाचा खालचा भाग आणि हेडलाइटच्या भोवती मोजा. बॉनेटच्या मधोमध मोजून काही कळत नाही, तिथे कोणाचीच गाडी सडत नाही.

धागाकर्त्यांना प्रश्न: सिल कापण्याआधी दाराच्या जागेत आडव्या नळ्या वेल्ड केल्या होत्या का? आणि दोन्ही बाजू एकदम कापल्या का एकेक?

पाचवा_गिअर_नाही

25 मिमी चौकोनी नळी, प्रत्येक दाराच्या जागेत दोन, एक आडवी एक तिरकी. गाडी चाकांवरच, टेकू चार ठिकाणी. डावी बाजू पूर्ण वेल्ड होऊन थंड झाल्यावर उजवी कापली. फटी: डावं दार वर 4, खाली 5 मिमी, उजवं दोन्हीकडे 5. रंग लागण्याआधीचे 140 फोटो आहेत, त्यात सिल उघडी असतानाचे 30 तरी. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, दुवा देतो.

नट_बोल्ट

नळ्या लावल्या असतील तर अर्धी भीती गेली. तरी आयंदोव्हनकर, फोनला जोडायचा 5-6 मिमी जाडीचा एंडोस्कोप घेऊन जा. सिलच्या तळाला पाणी निघायची भोकं असतात, त्यातून आत घाला. मेण दिसलं पाहिजे, पिवळसर किंवा तपकिरी, शिवणीवर ओघळलेलं. भोकंच सापडली नाहीत तर कोणीतरी रंगाच्या किंवा अंडरकोटच्या नादात ती बुजवली. तशी सिल पाच वर्षांत आतून पुन्हा सडते. नवा पत्राही जातो, कारण पाणी आत अडकतं.

कुर्ल्याचा_फियाटवाला

सुरेख गाडी. बॉडी बेर्तोने या इटालियन बॉडी-कारखान्याची, ग्रुग्लियास्कोला बनलेली. 1965 च्या जिनिव्हा शोमध्ये आली तेव्हा बेर्तोनेकडे जुजारो डिझायनर होता, रेघ त्याचीच. पहिल्या 843 सीसीच्या गाडीचे हेडलाइट तिरके, अंडाकृती होते. तेच दिवे लॅम्बोर्गिनीने मिउराला लावले. म्हणून 843 मॉडेलचे दिवे आज मिळाले तरी परवडत नाहीत. धागाकर्त्यांच्या गाडीला उभे गोल दिवे आहेत, दिसायला थोडे साधे, पण फुटला तर रडावं लागत नाही.

पुण्या-मुंबईच्या लोकांचा हमखास येणारा प्रश्न आधीच मिटवतो: पद्मिनीचे भाग यात बसत नाहीत. आपली फियाट 1100 ही पुढे इंजिन, मागे ड्राइव्ह, 1089 सीसीचं वेगळं घराणं. 850 चं इंजिन फियाट 600 च्या कुळातलं, मागच्या चाकांच्याही मागे बसवलेलं.

मुळशी_एक्सप्रेस

अंदाज चुकला नाही काका, तोच विचारणार होतो :) मग फियाट 127 चं 903 इंजिन सरळ बसतं असं ऐकलंय, ते खरं का? तेही 65 × 68 मिमीच आहे ना?

कुर्ल्याचा_फियाटवाला

माप तेच, दिशा उलटी. 850 चं इंजिन 127 च्या उलट फिरतं. 127 चं इंजिन तसंच्या तसं जोडलं तर गाडीला चार रिव्हर्स आणि एक पुढचा गिअर मिळेल. 127 चा ब्लॉक वापरायचा तर कॅमशाफ्ट आणि फिरण्याच्या दिशेशी बांधलेलं बाकी सगळं 850 चंच लागतं. केलेल्या गाड्या आहेत, नीट चालतात, पण 'मूळ इंजिन' म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. नंबर बघा.

आणखी एक. जाहिरातीत 817 सीसी दिसलं तर दचकू नका. अमेरिकेच्या 1968 च्या धुराच्या नियमांतून 50 घनइंचांखालची इंजिनं सुटत होती. 50 घनइंच म्हणजे 819 सीसी. फियाटने 843 च्या इंजिनचा बोअर 65 वरून 64 मिमी केला, झालं 817. खूप स्पायडर अमेरिकेला गेल्या आणि आता कोरड्या राज्यांतून परत येतात. पत्रा बरा असतो, पण सीट-डॅशबोर्ड उन्हाने फाटलेले, आणि युरोपात पासिंगसाठी दिवे बदलावे लागतात.

बिल्ल्यांवरही भाळू नका. फियाटच्या गाड्या वेगवान करून विकणाऱ्या अबार्थने या गाडीवर ओटी 1000 स्पायडर बनवली होती. त्यांचा विंचवाचा बिल्ला ऑनलाइन कुठेही मिळतो.

अर्धा_किलो_ग्रीस

सगळे पत्र्यावरच अडकलेत, म्हणून खालच्या अंगाचं लिहितो.

पुढचं सस्पेन्शन: खाली आडवा पाटा, वर विशबोन, आणि चाक किंगपिनवर वळतं. आज बॉल जॉइंटची सवय असलेले लोक किंगपिनला ग्रीस लागतं हे विसरतात. 2,500-3,000 किमीला ग्रीसगन मारायचीच, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. मारताना पुढचा भाग जॅकवर, चाकं मोकळी, म्हणजे वरच्या बाजूपर्यंत ग्रीस पोचतं. वजन चाकांवर असताना मारलं तर एका बाजूनेच सुटतं.

तपासायची रीत: चाक उचला, एक हात वर एक खाली धरून हलवा. ठकठक लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग सैल आहे, ते नटावर जुळतं. तसाच राहिला तर किंगपिन आणि बुश गेले. तेव्हा पिन काढायला प्रेस, नव्या बुशला रीमर, दोन्ही बाजू मिळून दिवसभराचं काम. पिन गंजून जाम असेल तर दोन दिवस.

मागे: ड्राइव्ह शाफ्टचं आतलं टोक गिअरबॉक्सजवळ रबरी बूटमध्ये असतं आणि त्या बूटमध्ये गिअरबॉक्सचंच तेल. बूट फाटला की तेल हळूहळू जातं, आणि गिअरबॉक्स कोरडा पडेपर्यंत कोणाला पत्ता नसतो. दोन तुकड्यांचे, स्क्रूने जोडायचे बूट मिळतात, शाफ्ट न काढता बसतात. ते बसवताना जोड वरच्या बाजूला ठेवा. खाली ठेवला तर महिन्यात पुन्हा गळती. चाकाकडच्या रबरी कपलिंगला बोटाने दाबून भेगा बघा. क्लच सोडताना टक् असा एकच आवाज आला तर बहुधा तेच.

धागाकर्ते, किंगपिन केलेत का? यादीत नाही.

पाचवा_गिअर_नाही

बरोबर पकडलंत. डावी बाजू केली, उजवीत प्ले नव्हता म्हणून ठेवली. बूट दोन्ही नवे, एकसंध, गिअरबॉक्स खाली होता तेव्हाच घातले. गिअर रॉडच्या जोडाचे बुशही तेव्हाच बदलले.

अर्धा_किलो_ग्रीस

एक बाजू केली की दुसरी लवकरच मागते. उजव्या बाजूचा किट आणि मजुरी म्हणून किमतीत थोडं मागायला हरकत नाही, आयंदोव्हनकर. मी तुमच्या बाजूने नाही आणि त्यांच्याही नाही :)

वीज_गेली

इंजिनमध्ये एक गोष्ट अशी आहे जी आजच्या गॅरेजला माहीतच नसते. या इंजिनला काडतुसासारखा ऑइल फिल्टर नाही. क्रँकच्या पुढच्या पुलीतच सेंट्रिफ्यूगल फिल्टर आहे. तेल पुलीतून जातं, फिरण्याने जड कचरा बाहेरच्या भिंतीला चिकटतो. ऑइल बदलायला दिलं की नवा मेकॅनिक फिल्टर शोधतो, सापडत नाही, म्हणून तेल ओततो आणि गाडी देतो. वर्षानुवर्षं पुली कोणी उघडत नाही. आत काळा, डांबरासारखा घट्ट थर साचतो. मग पुलीत जागा उरत नाही आणि कचरा थेट बेअरिंगला जातो.

साफ करायची तर: फॅनबेल्ट सोडा, पुलीच्या तोंडावरच्या झाकणाचे बोल्ट काढा. झाकण चिकटलेलं असतं, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, कडेला हलकी टिचकी द्या. आतला थर लाकडी पट्टीने खरवडा, रॉकेलने पुसा, मधल्या भोकात चिंधीचा धागा राहू देऊ नका. नवं सील, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. जुनं सील पुन्हा घातलं तर पुलीवरून तेलाचे शिंतोडे बेल्टवर उडतात, बेल्ट घसरतो, आणि पाण्याचा पंप त्याच बेल्टवर आहे. म्हणजे एका स्वस्त रबरापायी इंजिन तापतं.

माझं मत: दर तिसऱ्या तेलाला पुली उघडावी. तेल 20डब्ल्यू50 खनिज. असा फिल्टर सगळा कचरा पकडत नाही, म्हणून तेलबदल 5,000 किमीवर, गाडी चालली नाही तरी वर्षाला एकदा.

पाचवा_गिअर_नाही

1,000 किमीला पहिलं तेल बदललं तेव्हा उघडली होती. आत नव्या रिंगांची चांदीसारखी बारीक भुकटी, नखावर येईल एवढी. तुकडे नाहीत. हेडचे नटही तेव्हाच थंड इंजिनवर पुन्हा आवळले, टॅपेट लावले.

आयंदोव्हनकर

तापण्याबद्दल विचारायचंच होतं. इंजिन मागे, रेडिएटरही मागे. ट्रॅफिकमध्ये काय होतं?

वीज_गेली

नीट असेल तर काही होत नाही. तापणाऱ्या गाड्यांत कारणं तीनच निघतात: रेडिएटरच्या नळ्या आतून चुनखडीने भरलेल्या, बेल्ट सैल, किंवा पाणी भरताना हवा अडकलेली. भरताना हीटरचा कॉक उघडा ठेवा, हळू ओता, इंजिन मंद चालवत बुडबुडे संपेपर्यंत झाकण लावू नका. बघायला जाल तेव्हा 20 मिनिटं चालवून आणा आणि दहा मिनिटं जागेवर मंद चालू ठेवा. काटा चढून थांबला पाहिजे. चढतच राहिला तर कारण विचारा.

त्याहून मोठी काळजी पेट्रोलची. सुमारे 30 लिटरची टाकी सीट आणि इंजिनच्या मधे आहे. नळीला भेग गेली तर पेट्रोल गरम एक्झॉस्टच्या शेजारी टपकतं. ई10 (10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल) जुन्या रबराला फुगवतं. इथेनॉल सोसणाऱ्या आर9 दर्जाच्या नळ्या हव्यात, आणि क्लिप वेढा घालून आवळणाऱ्या, नळीत दात रुतवणाऱ्या नव्हेत. नळीवर छापलेलं वाचा. छापलेलं काही नसेल तर बदला, मालक काहीही म्हणो. आत एक किलोचं अग्निशामक ठेवा.

विजेचं थोडक्यात: जुने दोन टोकांचे फ्यूज टोकाला हिरवे पडतात, काढून बारीक कागदाने घासले की निम्म्या तक्रारी जातात. हेडलाइटला दोन रिले घाला.

नट_बोल्ट

चालवण्याबद्दल एक वाक्य, कारण नव्या मालकाने पहिल्याच पावसात गाडी गोल फिरवायला नको. वजन मागे आहे, म्हणून पुढच्या टायरात हवा कमी आणि मागे जास्त, फरक अर्ध्या बारपेक्षा मोठा. पंपवाला चारही सारखी भरतो. सारखी भरली की वळणावर पाय काढताच शेपूट बाहेर येते.

मुळशी_एक्सप्रेस

भारतात आणता येईल का? नवीन व्हिंटेज नोंदणीचा नियम आलाय ना?

कुर्ल्याचा_फियाटवाला

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2021 चा नियम नोंदणीचा: 50 वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर, पहिल्या नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षं वैध, नंतर 5,000. अट अशी की मूळ रूपात मोठा बदल केलेला नको आणि ती रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला नाही. 1970 ची गाडी वयात बसते. पण गाडी बंदरातून बाहेर काढणं हा आयात आणि सीमाशुल्काचा मामला, आणि वापरलेल्या गाडीवरचा कर गाडीच्या किमतीला मागे टाकतो. कस्टम एजंटकडून आकडा लेखी घेतल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. शिवाय पेडर रोडवर डाव्या स्टिअरिंगने बसला ओव्हरटेक करून बघा म्हणजे कळेल.

मुळशी_एक्सप्रेस

फोटो बघूनच पोट भरतो मग.

आयंदोव्हनकर

धागाकर्ते, फोटो मिळाले, सिल पाहिली. शेवटचं: कॉम्प्रेशन मोजलंय का? आणि नेदरलँड्सला नेताना कागद कोणते देणार?

पाचवा_गिअर_नाही

1,000 किमीच्या तेलबदलाला मोजलं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून: 11.2, 11.0, 11.3, 11.0 बार. कागद: नोंदणी प्रमाणपत्राचे दोन्ही भाग, एच नंबरप्लेटसाठीचा तज्ज्ञाचा अहवाल, इटलीतलं जुनं लिब्रेत्तो (नोंदणीपुस्तक), मशीन शॉपचं क्रँक-हेडचं बिल. निर्यातीची तात्पुरती प्लेट आणि विमा तुम्ही काढायचा.

नट_बोल्ट

आकडे चांगले, सर्वांत वरचा आणि खालचा यात 10 टक्क्यांपेक्षा कमी फरक. पण जाल त्या दिवशी स्वतः पुन्हा मोजा, गेज 30 युरोला येतं. आणि मालकाला सांगा, तुम्ही पोचेपर्यंत गाडी सुरू करायची नाही. चोक, पहिला धूर, आणि तेलाच्या दिव्याला विझायला लागणारा वेळ, हे थंड इंजिनवरच दिसतं.

पाचवा_गिअर_नाही

मान्य. आयंदोव्हनकर, शनिवारी सकाळी दहाला या. शुक्रवारी संध्याकाळपासून किल्ली कपाटात. उजव्या किंगपिनचा नवा किट मागवलाय, गाडीबरोबर देतो, बसवायचा तुम्ही. जॅक आणि टेकू माझ्याकडे आहेत, एंडोस्कोप तेवढा घेऊन या.